व्हिएतनामची थाळी आणि आपली वजडी

गेल्या महिन्यात घाटकोपरच्या एका वस्तीत, विहारात, रक्त तपासणीचं शिबिर होतं. काम आटोपल्यावर आम्ही एका ताईंच्या घरी चहाला थांबलो. त्यांचा मुलगा मोबाइलवर व्हिडिओ बघत होता. व्हिएतनाममधल्या कुठल्याशा गल्लीत एक गोरा तरुण बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसलाय, हातात उकडलेलं अंडं, आणि ते फोडल्यावर आत पिवळ्या बलकाऐवजी बदकाचं पिल्लू. पंख, चोच, सगळं ओळखू येतंय. तरुणाने डोळे मिटून घास घेतला आणि खाली शाबासकीचा पाऊस. "काय डेअरिंग आहे!" असं तो मुलगा म्हणाला.

त्याच वेळी मागे गॅसवर कुकरची शिट्टी झाली. कुकरमध्ये वजडी होती. आणि ताईंच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने उठून खिडकी लावून घेतली, वास बाहेर जाऊ नये म्हणून. ती स्वतः वजडी खात नाही, रक्ती तर नाहीच, काळीजसुद्धा नाही. डब्यात चपाती आणि सॉस नेते. शिबिरात तिचं हिमोग्लोबिन 8.6 भरलं होतं. तिच्या वयाच्या मुलीला ते किमान 12 हवं.

त्या लावलेल्या खिडकीमुळे या वेळचं पान लिहायला घेतलं. परदेशातलं विचित्र वाटणारं खाणं आणि आपल्या चुलीवरचं खाणं यांत फरक किती, त्यातलं अंगाला लागतं काय आणि जिवावर बेततं काय, हे एकदा नीट बघू या.

आधी व्हिएतनाम. त्या पिल्लाच्या अंड्याला तिथे 'होत वीत लोन' म्हणतात. बदकाचं फळलेलं अंडं दोन-अडीच आठवडे किंवा त्याहून थोडं जास्त उबवायचं, मग उकडायचं, आणि मीठ, मिरी, लिंबू व एका झोंबऱ्या पाल्याबरोबर खायचं. तिथल्या लोकांना त्यात साहस वगैरे काही वाटत नाही. आपल्याकडे संध्याकाळी नाक्यावर उकडलेलं अंडं खातात तसंच ते. सकाळच्या न्याहारीला 'चाओ लोंग' असतं, म्हणजे तांदळाची पातळ पेज आणि तिच्यात डुकराची आतडी, काळीज आणि उकडून थिजवलेल्या रक्ताच्या वड्या. 'बुन बो ह्वे' नावाच्या तिखट नूडल्सच्या रश्श्यातही अशी रक्ताची वडी पडते. वर्णन ऐकून मराठवाड्यातल्या कुठल्याही आजीला विचारा, ती म्हणेल, ही तर आपली रक्ती. नाव तेवढं वेगळं.

आणि हा बौद्ध परंपरेचा देश बरं का. तिथे चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पुष्कळ उपासक मांस टाळतात, तिथले बहुतेक भिक्खू तर शाकाहारीच असतात. बाकीच्या दिवशी तीच घरं आतडी-रक्ताचा रस्सा खातात आणि त्यासाठी कोणी खिडकी लावून घेत नाही. आपल्याकडेही वर्षावासात काही घरं मांसाहार बंद ठेवतात, काही घरांनी तो कायमचा सोडलाय. तो ज्याचा त्याचा निर्णय. पण जी घरं खातात त्यांनी ते चोरून का खावं?

याला इतिहास आहे आणि तो आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. 1927 साली 19 आणि 20 मार्चला महाडला परिषद भरली, तिथे बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. आपल्या लोकांनी ते सोडलं. गावकीचं काम म्हणून ओढून आणलेलं मेलेलं ढोर खाणं ही लाचारी होती. आरोग्याच्या बाजूने बघितलं तरी ते धोक्याचंच, कारण जनावर कशाने मेलं हे कोणाला माहीत? अँथ्रॅक्स म्हणजे काळपुळी ही अशा मेलेल्या जनावराला नुसता हात लावूनही माणसाला होते. पण आज मुंबईत मटणाच्या दुकानातून पैसे मोजून आणलेली ताजी वजडी ही ती गोष्ट नाही. या दोन्हींची गल्लत करून काही शिकलेल्या घरांनी वजडी, रक्ती, मुंडी सगळंच 'ते जुनं' म्हणून बाहेर काढलं. शाहू पाटोळे यांनी 2015 साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहून मराठवाड्यातल्या आपल्या घरांतलं हे सगळं खाणं नावानिशी कागदावर आणलं. 2024 मध्ये ते इंग्रजीतही आलं. आता ते वाचून बाहेरचे लोक आपल्या रक्तीबद्दल विचारायला लागलेत, आणि आपली पोरगी डब्यात सॉस नेते.

आता अंगाला काय लागतं ते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, 2019 ते 21 च्या फेरीत, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला. म्हणजे विहारात वंदनेला बसलेल्या दोन बायकांपैकी एकीला तो असण्याची शक्यता. प्रौढ बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह हवं असं आपल्या देशातली शिफारस सांगते. पालकाच्या 100 ग्रॅम पाल्यात साधारण 3 मिलिग्रॅम लोह असतं आणि त्यातलंही थोडंच अंगी लागतं. वर जेवणाबरोबर चहा घेतला की आणखी कमी. रक्त आणि मांसातलं लोह वेगळ्या जातीचं आहे. ते आतड्यांत सहज शोषलं जातं, साधारण पाव हिस्सा तरी अंगाला लागतो, आणि चहाने त्याचं फारसं बिघडत नाही. बकऱ्याच्या 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. कोंबडीच्या 100 ग्रॅम काळजात 9. तिल्ली, जी खाटीक कधी कधी काळजाबरोबर फुकटातही टाकतो, तिच्यात काळजापेक्षाही कितीतरी जास्त. काळीज आणि गुर्द्यात बी-12 जीवनसत्त्व भरपूर असतं. ते कमी पडलं की थकवा येतो, पायाला मुंग्या येतात.

वजडीबद्दल मात्र एक गैरसमज आहे. 'वजडी खा, रक्त वाढेल' असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. वजडी म्हणजे जनावराचं पोट. त्यात प्रथिनं चांगली असतात, चरबी कमी असते, मटणापेक्षा ती बरीच स्वस्तही पडते, त्यामुळे वाढत्या पोरांच्या घरात ती हवीच. पण लोह तिच्यात फारसं नसतं. रक्त वाढवायचं असेल तर रक्ती, काळीज, तिल्ली. तसंच पायाच्या सुपाचं. हाड मोडलं की आपण पाया शिजवतो, सूप पोटाला बरं वाटतं, चवीला तर काय बोलावं, पण हाडातलं कॅल्शियम त्या पाण्यात फार उतरत नाही. त्यापेक्षा कोकणातल्या घरांचा सुका जवळा बरा. तो सालासकट, डोक्यासकट पोटात जातो, म्हणून त्यातून कॅल्शियम मिळतं. वाळू मात्र तीन-चार पाण्यांनी काढायची. सुकटीला मीठ लावलेलं असेल तर ब्लड प्रेशरवाल्यांनी हात आखडता घ्यावा.

चान्यांबद्दल आम्हाला नेहमी विचारतात. 2015 च्या कायद्याने राज्यात गायीबरोबर बैल आणि वळूचीही कत्तल बंद झाली, म्हशीच्या मांसावर ती बंदी नाही. ज्या घरांत अजून चान्या होतात त्यांनी त्या पावसाळ्यात घालू नयेत. मुंबईच्या दमट हवेत त्या वाळत नाहीत, आतून बुरशी धरतात. पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर पुसून खाऊ नका, टाका.

कोणी काय खाऊ नये

गरोदर बाईला काळीज खाऊ घालायची आपल्याकडे रीत आहे. सासू प्रेमाने रोज वाटीभर भाजून देते. इथे आम्ही हात जोडून सांगतो, गरोदरपणात काळीज नको, पहिल्या तीन महिन्यांत तर अजिबात नको. काळजात 'अ' जीवनसत्त्व इतकं साठलेलं असतं की थोड्याच तुकड्यांत दिवसाची मर्यादा ओलांडते, आणि ते जास्त झालं तर बाळाच्या घडणीत दोष येऊ शकतो. तिला मटण द्या, अंडी द्या, पूर्ण शिजवलेली रक्ती द्या. दवाखान्यातून मिळणारी लोहाची गोळी चालूच ठेवा. रक्ती खाल्ली म्हणून गोळी बंद करायची नाही आणि गोळी चहाबरोबर घ्यायची नाही.

ज्यांच्या पायाचा अंगठा रात्री सुजून ठणकतो, युरिक ॲसिड वाढलेलं आहे, त्यांना काळीज, गुर्दा, भेजा हे सगळं त्रासाचं. भेज्यात कोलेस्टेरॉल सगळ्यात जास्त, हृदयविकार असलेल्यांनी तो सोडलेला बरा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच नको.

आणखी एक गोष्ट विशेषतः विदर्भातून मुंबईत आलेल्या घरांसाठी. आपल्या समाजात विदर्भाकडे सिकलसेल आढळतो. त्यातही माणूस फिकट दिसतो, धाप लागते, हिमोग्लोबिन कमी येतं. पण तो रक्तक्षय लोह कमी पडल्याने होत नाही, तांबड्या पेशींचा आकारच बिघडल्याने होतो. थॅलेसिमियाचंही तसंच. ज्या मुलांना वरचेवर रक्त चढवावं लागतं त्यांच्या अंगात लोह आधीच जास्त साठतं, त्यांना रक्ती आणि तिल्ली देऊ नये. म्हणून हिमोग्लोबिन कमी आलं की आधी ते का कमी आलं याची तपासणी करून घ्या. सिकलसेलची तपासणी सरकारी रुग्णालयात होते. लग्न जमवतानाही ती करून घ्यावी असं आम्ही या पानावर पूर्वीही लिहिलं आहे.

कच्चं रक्त

व्हिएतनाममध्ये 'तिएत कान' नावाचा एक पदार्थ आहे. बदकाचं किंवा डुकराचं कच्चं रक्त, ते लगेच थिजू नये म्हणून त्यात माशांच्या रसाचं खारं पाणी, मग शिजवलेल्या मांसाचे बारीक तुकडे, आणि बशीत थिजल्यावर वर शेंगदाणे आणि पाला. लाल रंग शुभ म्हणून सणासुदीलाही खातात. डुकराच्या शरीरात 'स्ट्रेप्टोकॉकस सुइस' नावाचा जंतू असतो. डुक्कर वरून धडधाकट दिसतं तरी असतो. हे कच्चं रक्त खाल्लेल्या माणसाला त्याने मेंदूच्या आवरणाचा ताप येतो, मान आखडते, आणि वाचला तरी पुष्कळदा कायमचा बहिरेपणा राहतो. व्हिएतनाममध्ये प्रौढांना होणाऱ्या जंतूजन्य मेंदूज्वराचं हे एक मोठं कारण आहे. बर्ड फ्लूच्या साथीत बदकाचं कच्चं रक्त खाल्लेली माणसंही आजारी पडली. तेच रक्त उकडून चाओ लोंगमध्ये खाणाऱ्याला मात्र हा धोका नाही, कारण शिजवल्यावर जंतू मरतो.

आपल्याकडे रक्त कच्चं खात नाहीत, हे आपल्या आजीचं शहाणपण. पण अर्धवट परतून खाणारे आहेत. काळीज 'आतून जरा लालसर राहिलं की मऊ लागतं' म्हणणारेही आहेत. आणि आता व्हिडिओ बघून मित्रांच्या पैजेवर काहीही तोंडात टाकणारी पोरं आहेत. त्यांना तिएत कानची गोष्ट सांगा. डुकराचं मांस आणताना-कापताना हाताला जखम असेल तर दुसऱ्याला कापायला द्या, कारण हा जंतू जखमेतूनही शिरतो.

आणणं आणि साफ करणं

गोवंडीला 1971 पासून देवनारचं पशुवधगृह आहे. तिथे कापण्याआधी आणि नंतर पशुवैद्य जनावर तपासतात. रस्त्याच्या कडेला कोणीतरी कापलेल्या बकऱ्याला ही तपासणी नसते. आपण घेतो त्या दुकानात माल देवनारचा आहे का, एवढं विचारायला लाजू नका. मुलुंड असो की बोरिवली, सकाळी लवकर जा. वजडी-रक्ती दुपारपर्यंत उघड्यावर राहिली तर ती घेण्यात अर्थ नाही. रक्त तर सगळ्यात लवकर नासतं. घट्ट थिजलेलं, गडद लाल-तपकिरी आणि वास नसलेलं घ्या. हिरवट झाक, बुळबुळीतपणा किंवा आंबूस वास असेल तर परत करा. घरी आणून दोन तासांत चुलीवर चढलं पाहिजे, उन्हाळ्यात त्याच्याही आधी.

वजडीचं खरं काम साफ करण्यात आहे, आणि वस्तीत अडचण पाण्याची. नळाला पाणी येतं त्या वेळेतच ती साफ करा, पिण्याच्या पिंपापासून लांब. हात चालू आणि तोच हात पिंपात, असं होऊ नये म्हणून पाणी ओतायला घरातलं दुसरं माणूस घ्या. पाणी कडकडीत उकळतं नको, त्याने काळी साल चिकटून बसते. हाताला जेमतेम सोसेल इतक्या गरम पाण्यात घालून सुरीच्या बोथट बाजूने खरवडा. खाण्याचा चुना लावून थोडा वेळ ठेवला की साल चटकन सुटते, पण नंतर तो भरपूर पाण्याने काढायचा आणि चुन्याचा हात डोळ्याला लावायचा नाही. मग मीठ आणि हळद चोळून दोन-तीन पाणी. बोटी काडीवर उलटी करून आतून धुवायची. नंतर कुकरला, जनावर जून असेल तर सात-आठ शिट्ट्या. पाट, सुरी आणि मोरी साबणाने धुवा. त्याच पाटावर लगेच कोशिंबिरीची काकडी चिरू नका.

काळीज आणि फुफ्फुस कापताना बारीक लक्ष ठेवा. कधी त्यात पाण्याने भरलेला पांढरट फुगा निघतो, वाटाण्याएवढा किंवा लिंबाएवढा. ती एका फीतकृमीच्या पिल्लांची गाठ असते. बहुतेक बायका तो भाग कापून दारातल्या कुत्र्याला टाकतात. इथेच घोटाळा होतो. कुत्र्याच्या पोटात त्या पिल्लांचे कृमी होतात, त्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गल्लीतल्या मातीत पडतात, मातीत खेळणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जातात, आणि पुढे काही वर्षांनी त्या मुलाच्या काळजात किंवा फुफ्फुसात तसाच फुगा वाढतो. मग ऑपरेशन. म्हणून असा तुकडा कुत्र्याला नाही, गटारात नाही, घट्ट बांधून कचऱ्यात. शक्य असेल तर आधी उकळून घ्या. मुलांनी कुत्र्याशी खेळल्यावर हात धुवावेत, हेही याच कारणाने.

त्या ताईंच्या मुलीला आम्ही रक्ती खा म्हणून आग्रह केला नाही. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, सिकलसेलची तपासणी करायला सांगितली, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त बघू म्हटलं. आणि आईला एवढंच विचारलं की रक्ती कशी करता. मुलगी ऐकत होती.

ताईंची पद्धत अशी. थिजलेलं रक्त एका पाण्याने हलक्या हाताने धुऊन खळखळत्या मिठाच्या पाण्यात सोडायचं आणि वीस मिनिटं उकळू द्यायचं. काढून सुरीने मधोमध कापून बघायचं, आत कुठेही लाल ओल दिसली तर परत पाण्यात. पूर्ण तपकिरी झालं की बोराएवढ्या फोडी. तव्यावर थोड्या तेलात दोन कांदे, आलं-लसूण, हिरवी मिरची, घरचं काळं तिखट. असेल तर चमचाभर येसूर. फोडी घालून मंद आचेवर दहा मिनिटं परतायच्या, मीठ बेताने, कारण उकळताना ते लागलेलं असतं. वर कोथिंबीर आणि अर्धं लिंबू. चार माणसांना अर्धा किलो रक्त पुरतं, ज्वारीच्या भाकरीबरोबर. उरलं तर रात्रीसाठी फ्रिजमध्ये ठेवा, फ्रिज नसेल तर शेजारी वाटा.